पोत्यावरची बारीक अक्षरं

वारोळवाडीत वाचण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. अयोध्या, म्हाळू आणि सुग्रीव या तिघांनी मिळून सगळं गाव वाचून संपवलं होतं आणि सुट्टीचे सतरा दिवस अजून बाकी होते.

पिठाच्या गिरणीवरची पाटी झाली. मारुतीच्या घंटेवरचं देणगीदाराचं नाव झालं. एसटीचं वेळापत्रक, काड्यापेट्या, तंबाखूच्या डब्या, तीन वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका, सगळं झालं. म्हाळूनं तर चुलता झोपलेला असताना त्याच्या दंडावर गोंदलेलं नावही उतरवून घेतलं होतं.

हा उद्योग पंडित गुरुजींनी लावून दिला होता. त्र्याहत्तर सालचा तो उन्हाळा. पावसानं दोन वर्षं पाठ फिरवलेली. शाळेच्या कपाटात बेचाळीस पुस्तकं होती आणि ती पोरांनी दोन-दोनदा वाचलेली. नांदूरघाटला बहिणीकडे जाण्याआधी गुरुजींनी सातवीच्या प्रत्येकाला एक वही दिली. डाव्या पानावर गावात कुठंही लिहिलेलं दिसेल ते उतरवायचं, उजव्या पानावर कुणाच्या तरी तोंडून ऐकलेली गोष्ट लिहायची. वही पहिली भरेल त्याला जूनमध्ये येणारी नवी पुस्तकं सगळ्यांच्या आधी मिळणार होती. समजलं नाही तरी उतरवून घ्या, असं गुरुजींनी बजावलं होतं. आज नाही कळलं तर उद्या कळेल.

अयोध्याची उजवी पानं भराभर भरत होती. दरवर्षी तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे, ते चैत्रातच परतायचे. यंदा ऊसच वाळला, कारखाना लवकर बंद पडला आणि सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर लागलं. अयोध्या रोज भाकरी घेऊन तिथं जायची. दुपारच्या सुट्टीत बाया बांधाच्या सावलीला टेकल्या की गोष्टी निघायच्या, आणि ती कान देऊन ऐकायची. ऐकण्यात आणि लिहिण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पण चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. मागच्या वर्षी कविता म्हणायला उभी राहिली, फळ्याकडे बघत राहिली आणि एक शब्द न बोलता खाली बसली. अख्खा वर्ग हसला होता.

गुरुवारी सकाळी म्हाळूला एकदम आठवलं की सोसायटीच्या गोदामातली पोती कुणी वाचलीच नाहीत.

गोदामाची किल्ली राधाकिशनकडे असायची. सहा वर्षांपासून सोसायटीचं गोदाम तोच सांभाळत होता. पोरं दाराशी आली की तो हुसकून लावायचा. पण त्या दिवशी नशीब बरं होतं. गोदामासमोर बैलगाडी उभी होती आणि तिच्यात पोती चढत होती. दुष्काळासाठी सरकारनं पाठवलेली मिलो, म्हणजे ती लालसर परदेशी ज्वारी, तलावाच्या कामावर चालली होती. सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांनी ठरवलं होतं की कामावरच्या मजुरांच्या लेकरांना शनिवारपासून रोज दुपारी ताज्या घुगऱ्या शिजवून द्यायच्या.

म्हाळू पोत्यावरची मोठी इंग्रजी अक्षरं उतरवू लागला. सुग्रीवनं आकडे घेतले. तो तेरा वर्षांचा, तिघांत मोठा, पायानं वारा, पण बोलायचा पुटपुटल्यासारखं. अयोध्याला काही शिल्लक राहिलं नाही. मग तिला एका पोत्याच्या शिवणीत अडकलेली बोटभर चिठ्ठी दिसली. अक्षरं मुंगीएवढी होती आणि चिठ्ठी अर्धी फाटलेली. गाडी हलायच्या आत तिनं दिसलं तेवढं जसंच्या तसं उतरवलं.

घरी येऊन तिनं वही उघडली, तर पानावर अंगठ्याचा गुलाबी ठसा उमटला होता.

तिनं अंगठा पाहिला. तोही गुलाबी. मिलो त्यांच्या घरीही तीन महिन्यांपासून होती, पण तिनं कधी कुणाचा हात रंगला नव्हता. मग तिनं उतरवलेलं वाचलं. पहिल्या ओळीत होतं, ‘षध लावलेले’. दुसरीत, ‘पेरणीसाठी. खा’. तिसरीत नुसतं, ‘रू नये’.

संध्याकाळी तिघं पाराखाली बसले. हे शाळेतल्या गाळलेल्या जागांसारखंच होतं, म्हणून आधी मजा आली. ‘खा’ म्हणजे खारीक, असं म्हाळू म्हणाला. तिसऱ्या ओळीत ‘मारू नये’ असणार, कारण शाळेत तशी पाटी लावायला त्याला आवडलं असतं. सुग्रीव हसला. अयोध्या मात्र पेन्सिलीनं हळूहळू जागा भरत होती. ‘औषध लावलेले. पेरणीसाठी. खाण्यासाठी वापरू नये.’

तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि कुणीच हसलं नाही.

“गोदामामागं चिमण्या मरून पडल्यात,” सुग्रीव पुटपुटला. “पाच-सहा. मला वाटलं उन्हानं.”

म्हाळूनं खिशातून मूठभर दाणे काढले. गाडीतून सांडलेले दाणे कोंबडीसाठी म्हणून त्यानं उचलून ठेवले होते. नशीब, अजून टाकले नव्हते. दुष्काळात प्यायच्या पाण्याचा तांब्यासुद्धा मोजून मिळायचा. अयोध्यानं आपल्या वाट्याचं पाणी दोन वाट्यांत ओतलं. एकीत घरची मिलो टाकली, दुसरीत सांडलेले दाणे. घरच्या मिलोचं पाणी थोडं गढूळ झालं. दुसऱ्या वाटीतलं पाणी गुलालासारखं गुलाबी झालं.

तिची आई केशरबाई दिवसभर माती वाहून घरी आली तेव्हा दोन्ही वाट्या उंबऱ्यात मांडलेल्या होत्या. अयोध्यानं तिला सगळं सांगितलं. आईपुढं तिची जीभ अडत नसे. केशरबाईनं वाट्यांकडे पाहिलं. तिला आधी वाया गेलेलं पाणी दिसलं, मग रंग. ती म्हणाली की सोसायटीतली माणसं शिकलेली हायेत, ती लेकरांना असं काही खाऊ घालतील का? तरी उद्या राधाकिशनला विचारून बघ.

त्या रात्री अयोध्याचा पाच वर्षांचा भाऊ बिभीषण झोपेपर्यंत शनिवारच्या घुगऱ्यांबद्दलच बोलत होता. त्यानं आपली वाटी उशाशी घेतली होती.

शुक्रवारी तिघं गोदामावर गेले. म्हाळूनं बोलायचं असं ठरलं. इथंच चूक झाली. महिन्यापूर्वी याच म्हाळूनं वरच्या विहिरीत बिबट्या पडल्याची आवई उठवली होती आणि निम्मं गाव काठ्या घेऊन धावलं होतं. विहिरीत निघालं मांजर. त्यामुळे त्यानं तोंड उघडताच राधाकिशन हसायला लागला. मिलो लालच असते, हे त्यानं त्यांना समजावून सांगितलं. अयोध्यानं वही पुढं केली तेव्हा त्याचं हसू थांबलं. त्यानं वहीकडे पाहिलं, पण क्षणभरच, मग नजर दुसरीकडे वळवली.

“मला वाचायला सांगती व्हय?” तो एकदम चिडून म्हणाला. “सा वर्सं झाली मला हितं. चला, निघा.”

एवढ्या साध्या गोष्टीवर तो इतका का भडकला, हे तिघांनाही कळलं नाही.

मग ते मोहनरावांच्या घरी गेले. ओसरीवर बाहेरगावची पाहुणेमंडळी बसली होती, तलावाच्या कामाची चर्चा चालली होती. मोहनराव मनानं वाईट नव्हते, पण त्यांना एका वेळी दहा कामं असायची. त्यांनी म्हाळूकडे पाहिलं आणि नवा बिबट्या कुठं निघाला म्हणून विचारलं. पाहुणे हसले. अयोध्याला पुढं होऊन सांगायचं होतं. वही तिच्या हातातच होती. पण सगळे तिच्याकडे बघायला लागले आणि तिनं वही पाठीमागं लपवली. मोहनरावांनी तिघांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि त्यांना वाटेला लावलं.

परत येताना ती रडली नाही, पण गूळ तिला गिळवेना.

“उद्या जाऊन कढईच पालथी करू,” म्हाळू म्हणाला.

अयोध्यानं मान हलवली. कढई उकळती असणार आणि तिच्याभोवती बारकी पोरं. शिवाय परवा पुन्हा त्याच पोत्यातलं शिजणार. ज्याचं सगळे ऐकतील असं माणूस हवं होतं. गुरुजी नांदूरघाटला, लांब. वडवणीला सरकारी दवाखाना होता, तीन कोसांवर.

सुग्रीव म्हणाला की पहाटे निघालो तर ऊन चढायच्या आत पोचतो. पण तिथं जाऊन बोलायचं काय, याची त्याला धास्ती वाटत होती. तो पुटपुटणार, कंपाउंडर त्याला बाहेर काढणार. म्हणून सगळं पत्रात हवं, असं अयोध्यानं ठरवलं.

पहिलं पत्र दोन पानी झालं. त्यात चिमण्या होत्या, गूळ होता, बिबट्याचा खुलासाही होता. तिनं ते वाचलं आणि फाडलं. घाईत असलेला डॉक्टर एवढं वाचणार नाही. दुसरं एक पानी झालं, तेही फाडलं. तिसऱ्यात फक्त एवढंच राहिलं :

‘डॉक्टरसाहेबांना नमस्कार. वारोळवाडीच्या तलावावर आज दुपारी बारा वाजता साठ लेकरं घुगऱ्या खाणार आहेत. त्या धान्याच्या पोत्यावर “औषध लावलेले, पेरणीसाठी” असं लिहिलं आहे. दाणे पाण्यात टाकले की पाणी गुलाबी होतं. दाणे पुडीत आहेत. मोठी माणसं आमचं ऐकत नाहीत. कृपा करून बाराच्या आत या. अयोध्या, इयत्ता सातवी.’

शनिवारी तांबडं फुटताना सुग्रीव पत्र आणि पुडी सदऱ्याच्या आत खोचून निघाला.

अयोध्या आणि म्हाळू तलावावर पोचले तेव्हा चूल पेटलेली होती. भिवराबाई मोठ्या कढईत लाकडी दांड्यानं घुगऱ्या हलवत होती. अयोध्यानं कढईत डोकावून पाहिलं. वरचा फेस गुलाबी होता. तिनं भिवराबाईला विचारलं, चाखून बघितलं का? भिवराबाईनं सांगितलं, तिचा शनिवार होता, मिठाचा कणही तोंडात घालायचा नव्हता. ऐकून अयोध्याला हायसं वाटलं. मग म्हाळूनं तिला खरा प्रकार सांगितला, तर भिवराबाईनं दांडा उगारला. भल्या कामात अपशकुन करतोस का, म्हणाली.

ऊन वर चढत होतं. वडवणीकडून येणारी कच्ची वाट टेकडीला वळसा घालून दिसेनाशी व्हायची. अयोध्याची नजर पुन्हा पुन्हा त्या वळणाकडे जात होती. तिथं काहीच हलत नव्हतं. सुग्रीव पोचला असेल का? डॉक्टर जागेवर असतील का? त्यांनी पत्र वाचून बाजूला ठेवलं तर?

साडेअकराला मोहनराव आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात नारळ. राधाकिशन मागोमाग. माती वाहणाऱ्या बाया आणि गडी काम थांबवून भोवती जमले. साठ लेकरं बांधाच्या सावलीत रांगेनं बसली, प्रत्येकासमोर घरून आणलेली वाटी किंवा ताटली. बिभीषण पुढच्याच रांगेत होता. त्यानं वाटी दोन्ही हातांनी धरली होती.

नारळ फुटला. भिवराबाईनं डाव उचलला.

त्या क्षणी म्हाळू पुढं घुसला. मोहनरावांना त्यानं वाकून नमस्कार केला आणि सांगितलं की गुरुजींनी सुट्टीत पोरांना गोष्टी सांगायला शिकवलं आहे, ते चेअरमनसाहेबांच्या समोर एकदा करून दाखवायचं आहे, आणि याच्याहून चांगला मुहूर्त पुन्हा मिळायचा नाही. यात निम्मं तरी खरं होतं. मोहनरावांना समारंभ आवडायचा. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि एक गोष्ट होऊ द्या म्हणाले.

म्हाळूनं सुरुवात केली, पण पोरं त्याला चांगली ओळखून होती. “बिबट्याची सांग,” मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळी रांग खिदळली. म्हाळू दोनदा अडखळला. भुकेली पोरं वाट्या वाजवायला लागली. राधाकिशननं भिवराबाईला खूण केली.

म्हाळूनं अयोध्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

अयोध्या उठली कशी, हे तिला नंतर कधी आठवलं नाही. पायांखालची माती तापलेली होती एवढं आठवलं. समोर शंभर-दीडशे माणसं. जीभ टाळ्याला चिकटलेलीच होती. तिनं कुणाकडे बघितलंच नाही, फक्त बिभीषणकडे बघितलं. रोज झोपताना त्याला सांगायची तसं ती म्हणाली,

“एक विहीर व्हती. तिला सात पायऱ्या व्हत्या. पण पाणी न्हवतं.”

पहिलं वाक्य बाहेर पडलं आणि दुसरं त्याच्यामागून आलं. त्या गावात पाणी नव्हतं, म्हणून विहीर खोदणाऱ्याची मुलगी पाण्याला बोलवायला खाली उतरली. पहिल्या पायरीवर एक बेडूक बसला होता. तो मागच्या पावसापासून तिथंच होता आणि त्याला ओरडायचं कसं तेच आठवत नव्हतं. मुलीनं त्याला ओरडून दाखवलं. इथं अयोध्यानं खरंच बेडकासारखा आवाज काढला. बिभीषण हसला, त्याच्या शेजारचा हसला आणि वाट्यांचा आवाज थांबला.

दुसऱ्या पायरीवर एक खेकडा होता, तो फक्त मागं चालायचा, म्हणून त्याला कालचं सगळं माहीत होतं पण उद्याचं काही नाही. तिसऱ्या पायरीवर आंधळी पाल. चौथीवर विहिरीत पडून हरवलेली एक घागर, ती कुणाची ते ओळखायचं होतं. बाया पुढं सरकल्या. एका म्हाताऱ्यानं विडी विझवली.

वळणावर अजून काही दिसत नव्हतं.

सातवी पायरी संपत आली तेव्हा अयोध्यानं सांगितलं की मुलीला खाली आणखी सात पायऱ्या दिसल्या. त्या वरून कुणाला कधी दिसल्याच नव्हत्या. आता तिलाही माहीत नव्हतं की पुढच्या पायरीवर कोण आहे. ती बोलत होती आणि बोलता बोलता पायरी तयार होत होती. राधाकिशन कंटाळला. घुगऱ्या गार होतील, वाढायला घ्या, असं तो म्हणाला.

“थांब बे,” मोहनराव म्हणाले. “बाराव्या पायरीवर कोण हाय ते तरी कळू दे.”

चौदा झाल्या. एकवीस झाल्या. तिचा घसा बसला होता. एकविसाव्या पायरीवर मुलीनं जमिनीला कान लावला, आणि अयोध्यानंही मान कलती करून ऐकल्यासारखं केलं. सगळा तलाव शांत झाला. तिला गाडीचा आवाज ऐकायचा होता. काही आलं नाही.

मोहनरावांनी घड्याळ पाहिलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या, आणि त्या टाळ्यांतच भिवराबाईनं पहिला डाव बिभीषणच्या वाटीत ओतला.

“खाऊ नको,” अयोध्या म्हणाली.

टाळ्या थांबल्या. तिनं वाटीवर हात ठेवला. चटका बसला तरी काढला नाही.

“ह्याला औषध लावलंय. हे पेरायचं बी हाय, खायचं न्हाई. पोत्यावर लिवलंय.”

मोहनरावांच्या कपाळावर आठ्या पडल्या. राधाकिशन पुढं आला, त्याचा चेहरा लाल झाला होता. सगळ्या गावासमोर एक पोरगी त्याची चूक काढत होती. त्यानं कढईतून मूठभर घुगऱ्या पानावर घेतल्या, फुंकल्या आणि तोंडात टाकल्या. मग आणखी एक मूठ.

“बगा. मी खाल्लं. काय झालं मला?”

खरंच काही झालेलं दिसत नव्हतं. मोहनरावांनी वाढा म्हणून हात केला. अयोध्याला वाटलं, संपलं.

तेवढ्यात गर्दीतून केशरबाई पुढं आली. डोक्यावरची चुंबळ तशीच होती, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. ती मोहनरावांशी बोलली नाही, राधाकिशनशीही नाही. तिनं लेकीला विचारलं,

“तू वाचलंस का? सोता?”

“व्हय, माय. सोता वाचलं.”

केशरबाईला अक्षर येत नव्हतं. तिनं खाली वाकून बिभीषणच्या हातातली वाटी घेतली आणि सगळ्यांसमोर मातीत पालथी घातली. बिभीषणनं भोकाड पसरलं. मग शेजारच्या बाईनं आपल्या पोराची ताटली पालथी केली. मग तिच्या पलीकडच्या बाईनं. साठ रिकाम्या वाट्या आणि ताटल्या एकामागून एक पालथ्या पडत गेल्या, आणि मोहनराव हातात नारळाची वाटी घेऊन बघत राहिले.

जीप आली ती त्यानंतर. वळणावर आधी धूळ दिसली, मग सुग्रीवचं डोकं. डॉक्टर सकाळी दुसऱ्याच गावाला गेले होते, म्हणून त्याला दवाखान्याच्या पायरीवर तीन तास बसावं लागलं होतं. कंपाउंडरनं दोनदा हाकललं तरी तो हलला नव्हता. डॉक्टर येताच त्यानं तोंडातून शब्द न काढता पत्र पुढं केलं होतं.

डॉक्टर थेट पोत्यांकडे गेले. एका पोत्याच्या शिवणीत त्यांना न फाटलेली चिठ्ठी सापडली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. बी किडू नये, त्याला बुरशी लागू नये म्हणून औषध चोळलेलं होतं. माणसांना आणि जनावरांना विषारी, असंही खाली छापलेलं होतं. अयोध्यानं भरलेल्या गाळलेल्या जागांत एकही चूक नव्हती.

“कुणी खाल्लं का?” डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांनी राधाकिशनकडे पाहिलं. तो दगडावर बसला होता. त्याला दरदरून घाम फुटला होता. डॉक्टरांनी त्याला मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं, जीपमध्ये घातलं आणि जीप आली त्याच वेगानं परत गेली.

ते दोन दिवस अयोध्याला अन्न गोड लागलं नाही. आपण आधीच ओरडलो असतो तर त्यानं खाल्लंच नसतं, असं तिला वाटत राहिलं. सोमवारी निरोप आला की राधाकिशनचा जीव वाचला, तेव्हा कुठं ती पोटभर जेवली.

मोहनरावांनी स्वतः गोदाम उघडून एकेक पोतं वाचलं. मिलोच्या थप्पीत बियाण्याची अकरा पोती निघाली. पुढच्या पेरणीसाठी आलेलं बियाणं त्याच ट्रकमधून उतरलं होतं आणि दोन्ही प्रकारच्या पोत्यांवर सारखाच लाल पट्टा होता. राधाकिशन पट्टा बघून पोतं ओळखायचा. वडवणीच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या त्यानं मोहनरावांना खरं काय ते सांगितलं. त्याला सही करता यायची, आकडे ओळखता यायचे, पण वाचता येत नव्हतं. सहा वर्षं त्यानं ते लपवून ठेवलं होतं.

पंडित गुरुजी नांदूरघाटहून धावतच आले. मोहनरावांनी तलावावर सगळ्यांना बोलावलं आणि तिन्ही पोरांना शेजारी उभं केलं. सुग्रीवच्या पायांचं कौतुक झालं. बिबट्याबद्दल यापुढे म्हाळूला कुणी काही बोलायचं नाही, असं जाहीर झालं. मग त्यांनी अयोध्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“राधाकिशनला वाचता येत न्हवतं,” ते म्हणाले. “मला येत व्हतं. त्याच पोत्यांवर बसून मी चहा पिलो, अन् वाचलं न्हाई. माजी चूक मोठी हाय.”

एवढा मोठा माणूस चारचौघांत असं बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. बक्षीस काय हवं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा म्हाळू नवी पुस्तकं म्हणाला. अयोध्या म्हणाली की गोदामातलं कुठलंही पोतं उघडायच्या आधी त्यावरचं सगळ्यांना वाचून दाखवायचं. दोन्ही गोष्टी मोहनरावांनी कबूल केल्या.

गुरुजींनी तिचं पत्र डॉक्टरांकडून मागून आणलं होतं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

“यात एक शब्दही जास्तीचा नाही,” ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

पंधरा दिवसांनी राधाकिशन गावात आला. अंगानं अर्धा झाला होता. तो रागानं बोलेल, निदान तोंड फिरवेल, असं अयोध्याला वाटलं. ती गल्लीतून वळून जायला निघाली, पण त्यानं हाक मारली. आसपास माणसं होती तरी त्यानं आवाज बारीक केला नाही.

“मला शिकिवशील का, पोरी?”

रोज सकाळी गोदामाच्या पायरीवर शाळा भरू लागली. विद्यार्थी एकच, शिक्षक तीन. म्हाळू छडी आणतो म्हणाला, ती त्याला आणू दिली नाही. राधाकिशनला ‘थ’ आणि ‘य’ फार छळायचे. चुकला की तो कान पकडायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

श्रावणात मिलोची नवी गाडी आली. गोदामापुढं बायांची रांग लागली. अयोध्या वाचायला पुढं झाली, तर राधाकिशननं तिला हातानं थांबवलं. त्यानं पोत्याची शिवण शोधली, चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं वाचायला लागला. तीन ओळींना बराच वेळ लागला. ऊन होतं, कडेवर पोरं होती, कामावर जायचं होतं. पण त्या रांगेतल्या एकाही बाईनं त्याला घाई केली नाही.